डावा आळा

वत्सलाबाईचा कोयता पहिल्याच सरीत तीन वेळा ढेकळावर बसला, तेव्हा चिंधाने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.

हात शिकलेला होता, पण फार वर्षांपूर्वी शिकलेला. ऊस धरायची मूठ बरोबर होती, वाकणं बरोबर होतं, पायही जपून मागे ठेवला होता. मनगट तेवढं अडखळत होतं. पोटासाठी फडात आलेल्या बाईचं मनगट असं अडखळत नाही. मग ही पंचेचाळिशीची बाई सुरतेतली लिंबायतची चाळ सोडून, बारडोलीच्या पलीकडे या कालव्याच्या काठी, पाचटाच्या कोपीत राहायला कशाला आली असेल? चिंधाला समजत नव्हतं. आणि जे समजत नाही त्याचा त्याला भरवसा वाटत नसे. गेल्या माघापासून तर कशाचाच वाटत नव्हता.

"बाई, कोयता ढेकळावर मारू नका. धार लावाले येळ लागस."

"होईल सवय, भाऊ."

"आधी कुठे कापेल शे का?"

"लहानपणी. आईसंगं."

"कोनता गाव?"

"यावलकडं." एवढं बोलून ती खाली वाकली.

उत्तरं आखूड होती. चिंधाने ती ध्यानात ठेवली.

मुकादमाच्या बोलीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, कोयता म्हणजे जोडी. नवरा ऊस तोडतो, बायको पाला काढते, मोळी बांधते, मग दोघं मिळून ट्रक भरतात. यादीत नाव मात्र एकच, नवऱ्याचं. चिंधाची बायको सुंदरा गेल्या हंगामात, याच पडावावर गेली. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना पाय सरकला. दसऱ्याला मुकादम हिलाल चिंधाच्या दारात आला आणि मोटरसायकलवरून न उतरताच म्हणाला, "अर्धा कोयता मना काय कामना? बाई आन, नही तर घर बस."

म्हणून चिंधा सुरतेला गेला. सुंदराची धाकटी बहीण मंदा लिंबायतला राहायची. तिचा नवरा धुडकू लूमवर होता. मंदा पाच महिन्यांची पोटुशी. ती म्हणाली, "भाऊजी, मी कशी येऊ? पन ह्या आमच्या शेजारच्या वत्सलाबाई. त्या येतील." शेजारची बाई दारातच उभी होती. चिंधाने काही विचारायच्या आधी ती हो म्हणाली. तेव्हाच त्याला खटकलं होतं. पण अर्ध्या कोयत्याला नाही म्हणायची सोय नसते.

टोळीत तिची झोपायची सोय शकूच्या कोपीत झाली. शकू टोळीतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तिखट बाई. वत्सलाबाईने पहिल्या दिवशी सगळ्यांना जयभीम घातला. तिच्या घागरीतलं पाणी प्यायचं की नाही, यावर बायका दोन दिवस कुजबुजल्या. तिसऱ्या दिवशी उन्हं तापली, शकूने घागर उचलून तोंडाला लावली आणि तो विषय मिटला.

पहिल्या दिवशी दुपारी मोळ्या बांधायची वेळ झाली. उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढं, तीन-चार एकत्र घेऊन पिळायची, त्याची दोरी होते. तिला आळा म्हणतात. आळा मोळीखालून घ्यायचा, वर गुडघा द्यायचा, आवळायचा आणि टोक पिळाखाली खोचायचं. हे बायकांचं काम. प्रत्येकीचा पीळ वेगळा पडतो. ट्रकवर मोळ्या रचणारा माणूस नुसता आळा बघून सांगतो, ही अमकीची, ही तमकीची.

वत्सलाबाईने वाढं हातात घेतली. चिंधाने ती काढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या. मी बांधस."

"तुम्ही?"

"हो. मी."

शेजारच्या सरीतून शकू म्हणाली, "काय रे चिंधा, आज आळा बांधस, उद्या लुगडं नेसशी का?" गडी हसले. शकूचा नवराही हसला. चिंधाने मान वर केली नाही.

सुंदरा डावखोरी होती. तिचा पीळ उलटा जायचा आणि टोक डावीकडून खोचलेलं असायचं. साऱ्या टोळीत तसा आळा तिचा एकटीचा. तिला जाऊन तेरा दिवस झाले तेव्हा चिंधा पुन्हा फडात उतरला होता, आणि मोळीपुढे बसल्यावर त्याचा डावा हात आपोआप पुढे आला होता. अकरा हंगाम तो तिच्या समोर बसून बिडी ओढत बघत आला होता, तेवढ्यावरच. आता ही कुठून आलेली बाई तिच्या जागी बसून आळा घालणार? पाला काढ, ऊस तोड, ट्रक भर. आळा नाही.

दिवस जात राहिले. पौषात पहाटे धुकं इतकं दाट पडे की पुढच्या सरीतला माणूस खोकल्यावरूनच ओळखावा. दव पडलेल्या पात्यांनी हात चिरायचे आणि उन्हात त्या चिरा झोंबायच्या. वत्सलाबाईच्या तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर तिने चुना-हळद भरली. ती कधी कुरकुरली नाही. हेही चिंधाला खटकलं. कुरकुर न करणाऱ्या माणसाच्या डोक्यात दुसरं काहीतरी चालू असतं.

ती बायकांना नावं विचारायची. नुसतं नाव नाही, पूर्ण. "रघूची आई" म्हटलं तर म्हणायची, "ते झालं. तुमचं स्वतःचं?" बायका लाजायच्या. एक जण तर हसत सुटली, "माले कोन नावनी हाका मारस? मीच भूली गवू." कालव्यावर धुणं धुताना बायकांचा घोळका तिच्याभोवती जमायचा आणि चिंधा पाणी भरायला गेला की बोलणं थांबायचं.

हिलालच्याही कानावर ते गेलं होतं. तो एकदा फडाच्या कडेला थांबून चिंधाला म्हणाला, "ती तुनी नवी जोडीदारीन. जास्ती बोलस. लक्ष ठेव. काही दिसनं तर माले सांग."

चिंधा त्यावरही विचार करत बसला. हिलालनेच तिला पेरली असेल तर? सुंदराच्या मरणाचं चिंधा कुणापाशी काय बोलतो, हे काढून घ्यायला? तसं असेल तर लक्ष ठेवायला सांगणं हा नुसता देखावा. त्याने दोघांचाही संशय धरला आणि तोंड बंद ठेवलं.

एक दिवस भाकरीच्या वेळी तो बांधावर गेला. वत्सलाबाईची कापडी पिशवी बाभळीला टांगलेली होती, खालून कुरतडलेली. उंदरांनी फडकं ओढलं होतं, आणि भोकातून वाळक्या पाल्याचं काहीतरी बाहेर लोंबत होतं. त्याने पिशवी उतरवली. आत बोटाएवढे आळे होते. पिळलेले, गाठ मारलेले, वाळून पिवळे पडलेले. एक नाही, तीस-चाळीस. प्रत्येकाचा पीळ वेगळा.

आळ्यात बाईचा हात असतो. कुणाच्या हातची वस्तू अशी जमवून ठेवणाऱ्या बायका त्याने ऐकल्या होत्या.

तो पिशवी घेऊन तसाच सरीत आला आणि ती तिच्यापुढे टाकली. "करणी करतस का तुम्ही?"

वत्सलाबाईने पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या कोयत्याकडे. कोयता त्याच्या हातात होता हे त्याला तेव्हा कळलं.

"बसा, भाऊ."

"बसनार नही. सांगा."

"करणी येत असती तर नळाला पाणी आणलं नसतं का? तीन दिवस नळाखाली बसून राहायची पाळी कशाला आली असती?" तिने आळे एकेक करून गोळा केले. "मला लिहिता येत नाही. एक अक्षर नाही. लिंबायतला आमच्या ओळीला सगळ्यात शेवटी पाणी सोडायचे. आमची भांडी इतरांच्या भांड्याला लागू नयेत म्हणून. मी नळाखाली जाऊन बसले, म्हटलं आता कुणालाच पाणी नको. दोन वेळा लॉकपमध्ये बसले. तेव्हा कोणकोण माझ्यासोबत उभं होतं ते लक्षात ठेवायला मी साडीच्या पदराला गाठी मारल्या. एकेका गाठीला एकेक नाव. तेव्हापासून अशीच सवय आहे."

"मग हे?"

"हा शकूचा. दुहेरी पीळ आहे, बघा. हा रघूच्या आईचा, तिचं नाव निशा. हात घातला की नाव आठवतं." ती थांबली. "प्लेगच्या साली सगळी चाळ गावाकडं पळाली. आम्ही चार घरं राहिलो. आमच्या गल्लीत एक बाई गेली. प्लेगनं नाही, साध्या तापानं. तिचं रेशनकार्ड गावाकडं. कुठल्याच कागदावर ती नव्हती. जाळलं आणि झालं. मी तेव्हापासून नावंच विचारत फिरते. लोक म्हणतात पुढारी झाली. म्हणोत. पुढाऱ्याला निदान चप्पल तरी असते."

"तुम्हले आठे कोनी धाडं?"

"मंदानं सांगितलं. तिची बहीण फळीवरून पडली आणि कागदावर ती स्वयंपाकाला आलेली बाई झाली, विहिरीपाशी घसरली म्हणून. कामगार खात्याचा साहेब तपासणीला येणार आहे. त्याच्यापुढं बायकांनी उभं राहायला पाहिजे, म्हणून मी आले. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आणलं नसतं."

"नसतं आनलं."

"त्या कागदावर अंगठा तुमचा आहे, भाऊ. तेही मला माहीत आहे."

चिंधा दोन पावलं मागे सरला. सुंदराचं अंग अजून दवाखान्याच्या ओसरीवर होतं तेव्हा हिलालने कागद पुढे केला होता, "गाडी सांगेल शे, तिले गाव न्यानी शे ना? लवकर कर." आत काय लिहिलंय ते त्याने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी अंगठा दिला असता का, हे त्याला आजही सांगता येत नव्हतं. हे कुणाला ठाऊक नाही असं तो समजत होता.

दिवस मावळायच्या आत तो हिलालच्या राहुटीकडे गेला. आत बाजेवर हिलाल चहा पीत होता.

"काय रे? दिसनं का काही?"

सांगायला चिंधाने तोंड उघडलं. साहेब येणार, बायका उभ्या राहणार, पिशवीत चाळीस आळे आहेत. सगळं जिभेवर होतं. सांगितलं की ती बाई उद्या जाईल, आणि तो अंगठ्याचा विषयही तिच्याबरोबर जाईल.

"बस ना," हिलाल म्हणाला. "तू बरा मानूस शेस. तुनी बाईबी बरी व्हती, कामले वाघीन. काय नाव व्हतं तिनं?"

चिंधा उभाच राहिला. अकरा हंगाम तिने या माणसाचे ट्रक भरले होते.

"काय रे?"

"काही नही. ती नवी बाईले कोयता धरता येत नही, एवढंच सांगाले उनू."

तरीही दुसऱ्या दिवशी त्याने वत्सलाबाईला आळा घालू दिला नाही. हिलाल खोटा म्हणून ही खरी, असं कुठे आहे? पुढाऱ्यांना नावं लागतात, हे त्यालाही ठाऊक होतं. नावं घेऊन ते पुढे कुठे जातात ते कुणाला ठाऊक नसतं.

साहेब आठ दिवसांनी आला, अकराच्या सुमारास, जीपमधून. बरोबर उधन्याचा रामदास म्हणून एक युनियनचा माणूस होता, खांद्याला शबनम आणि चष्म्याला दोरी. फडाच्या कडेला ट्रक अर्धा भरून उभा होता. हिलालने खुर्ची मागवली, ऊस सोलून दिला.

"साहेब, यादी ही. एकेचाळीस गडी. बायका फक्त स्वयंपाकाला येतात. पोरंबाळं सांभाळतात."

बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. हातात कोयते होते, पण हिलालने डोळे वटारताच अर्ध्या जणींनी ते मागे लपवले. वत्सलाबाई पुढे झाली.

"तमे कोण?" साहेबाने विचारलं.

"चिंधाभाऊच्या कोयत्यातली, साहेब. स्वयंपाकाचं म्हणताहेत ते असू द्या. त्या ट्रकमधली कुठलीही मोळी खाली टाकायला सांगा. कुणी बांधली ते आम्ही सांगतो. खोटं निघालं तर मी आत्ता निघून जाते."

साहेब गमतीने हसला आणि ट्रकवाल्याकडे वळला. योगराज ट्रकवाल्याने वरची मोळी ढकलली. धप्प करून ती पडली.

"आ कोणे बांध्युं?"

"मी," शकू म्हणाली. "दुहेरी पीळ. मनी मायबी असाच बांधे." मग नवऱ्याकडे वळली, "तुम्ही बांधी दाखाडा ना साहेबले." तिच्या नवऱ्याने वाढं घेतली, पिळली, गुडघा दिला. आळा दोन ठिकाणी तुटला. बायका हसल्या, आणि हसता हसता मागे लपवलेले कोयते पुढे आले. दुसरी मोळी पडली, तिसरी पडली. दर मोळीला एक बाई पुढे आली आणि आपलं नाव सांगितलं. साहेबाने पेन काढलं. चौथी. पाचवी.

सहावी मोळी पडली, पण कुणीच पुढे झाली नाही.

पीळ उलटा होता. टोक डावीकडून खोचलेलं.

चिंधाने वत्सलाबाईकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. चाळीस आळे जमवणाऱ्या बाईने आपल्याच कोयत्याची मोळी हिशेबात धरली नव्हती.

हिलाल खुर्चीमागून पुढे आला. "आता विचारा, साहेब. ही कोणाची? ह्या चिंध्याची. रोज स्वतः बांधतो, सगळी टोळी हसते त्याला. ही बाई त्याचीच जोडीदारीण ना? मग तिला का नाही बांधता येत? सांग चिंध्या, तूच बांधतो ना? एवढंच सांग." आणि हळूच, फक्त त्याला ऐकू जाईल असं, "तुना अंगठा शे मनापान."

एक हो म्हणायचं होतं. आणि ते खरं होतं.

"हो साहेब," चिंधा म्हणाला. "मी बांधस."

हिलालने हात पसरले. साहेबाने पेनाला टोपण लावलं. शकूने खाली थुंकल्यासारखं केलं. वत्सलाबाईने पिशवी घट्ट धरली.

चिंधाने कोयता खाली ठेवला. खाली पडलेली चार वाढं उचलली आणि मोळीपुढे बसला. जुना आळा सोडला. नवा पिळला. डाव्या हाताने, उलटा. त्याची बोटं जड होती, टोक दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा खोचलं गेलं.

"कोयतो तो जमणा हाथमां हतो," साहेब त्याच्या उजव्या हाताकडे बोट दाखवत म्हणाला. "आ डाबे हाथे केम?"

"आळा मना नही, साहेब. मनी बाईना शे. ती डावखोरी व्हती. अकरा साल तिनीच बांध्यात. मी देखी देखी शिकनू." त्याने मोळीवरचा हात काढला नाही. "सुंदरा नाव तिनं. गेल्या माघमा याच फडना ट्रकवर मोळी चढावताना पडनी. ती स्वयंपाकाले नही येल व्हती. विहिरीवर नही पडनी. तो कागदवर अंगठा मना शे, पन कागद खोटा शे. मी वाचा नही व्हता."

"चिंध्या," हिलाल म्हणाला.

"तुम्ही तिनं नाव भूली गयात, मुकादम. आते ध्यानमा ठेवा."

मग साहेबाने टोपण काढलं. एकेचाळीस बायका होत्या, वत्सलाबाईसकट. एकेकीने नाव सांगितलं, काहींना दोनदा सांगावं लागलं, कारण आवाजच निघेना. वत्सलाबाई पिशवीतून आळा काढून जिच्या तिच्या हातात देत होती. चिंधाच्या पाळीला साहेब अडला.

"मरी गयेलानुं नाम आमां केम लखुं?"

"तपासणी गेल्या हंगामाची पण आहे ना, साहेब?" वत्सलाबाई म्हणाली. "गेल्या हंगामात ती जिवंत होती."

साहेबाने तिच्याकडे पाहिलं, मग लिहिलं. आणि शाईची डबी चिंधापुढे सरकवली.

"पहिले वाचा," चिंधा म्हणाला.

साहेबाने वाचून दाखवलं. चिंधाने मान हलवली नाही. "रामदासभाऊ, तुम्ही वाचा." रामदासने चष्मा लावून वाचलं. मग चिंधाने योगराज ट्रकवाल्याला खाली बोलावलं, तो दहावी शिकलेला होता, दोन्ही भाषा वाचायचा. योगराज हसत म्हणाला, "काका, तिघांचं एकच निघालं." चिंधा त्याच्या ओठांकडे बघत होता. "नाव कुठे शे? बोट ठेव." योगराजने बोट ठेवलं. चिंधाने ती पाच-सहा वळणं डोळे बारीक करून पाहिली. मग अंगठा बुडवला आणि नावाला लागू नये म्हणून जरा खाली ठेवला.

जीप गेली. हिलाल मोटरसायकल चालू करून म्हणाला, "हा फड संपना की निघ. पुढला साल मना दारमा उभा ऱ्हाऊ नको." आणि वत्सलाबाईकडे न बघता निघून गेला. त्या कागदाचं पुढे काय होणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वत्सलाबाईलाही नाही. तिने तसं सांगितलंही. "वर्ष लागेल. दोन लागतील. कदाचित काही होणारही नाही."

"माहीत शे," चिंधा म्हणाला.

अर्धी सरी राहिली होती. दोघं वाकले. ऊन पाठीवर आलं. वत्सलाबाईचा कोयता आता ढेकळावर बसत नव्हता. मोळीपुरता ऊस झाल्यावर चिंधाने चार वाढं निवडली, धूळ झटकली आणि तिच्यापुढे धरली.

ती थांबली. "मला डावा येत नाही, भाऊ."

"तुमना बांधा," तो म्हणाला. "तिना लिखी जाएल शे."

तिने आळा पिळला, उजवीकडून. चिंधा तिच्यासमोर बसला, बिडी काढली, आणि पेटवायची विसरून तिच्या हाताकडे बघत राहिला.